बुधवारचा कागद आणि वरचं रिकामं घर

बुधवारी दुपारी चार वाजता आमची प्रार्थनेची बैठक असते. न्युरेम्बर्गमधली आमची ख्रिस्ती मंडळी लहान आहे. बैठकीला सात-आठ जणी, एक निवृत्त पोस्टमन आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत मी. बैठक चालवणाऱ्या बाई पूर्वी शाळेत शिकवायच्या. अजूनही बोट ओलं करून कागद मोजून वाटतात, आणि एखादा उरला तर पुन्हा मोजतात.

त्या कागदावर पश्चिम आफ्रिकेतल्या एका जमातीच्या गरजा छापलेल्या असतात. गुरं राखणारी, गुरांमागे फिरणारी माणसं. आमच्या मंडळीने ही जमात प्रार्थनेसाठी घेतली आहे, असं म्हणतात. घेतली म्हणजे काय, ते मला सुरुवातीला कळलं नव्हतं. एखाद्या आठवड्यात पाण्यासाठी प्रार्थना, पुढच्या आठवड्यात गुरांच्या रोगासाठी, मग मुलींच्या शाळेसाठी, मग त्यांच्या भाषेत पवित्र शास्त्राचं भाषांतर करणाऱ्या जोडप्यासाठी आणि त्या जोडप्याच्या नादुरुस्त जीपसाठी. वर एका बाईचा फोटो, हातात दुधाचं भांडं.

मी मनापासून प्रार्थना करायचे. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावात आम्ही तीन-चार पिढ्यांचे ख्रिस्ती. कधीतरी माझ्या खापरपणजीसाठीही कुठल्यातरी थंड देशात असाच कागद वाटला गेला असेल, त्यावर दुष्काळ, पटकी, अक्षरओळख असं काहीबाही छापलं असेल, आणि कुणी बायकांनी डोळे मिटून आमचं नाव चुकीचं उच्चारलं असेल. मंडळीत पहिल्यांदा गेले तेव्हा एका आजींनी माझे दोन्ही हात धरले होते. "भारतासाठी मी चाळीस वर्षं प्रार्थना केली," म्हणाल्या. मला रडू आलं. त्या वेळी ते खरंच आनंदाचं होतं.

उपकार तर होतेच. माझी शाळा आठवीत सुटली. मोठ्या बहिणीचं बाळंतपण आलं, आईला हाताशी कुणीतरी हवं होतं, आणि राहिलेली आठवी राहिलीच. नवऱ्याला इथल्या भारतीय हॉटेलात तंदूरवर काम लागलं म्हणून आम्ही इथे. राहतो ते घर बैठकीच्या बाईंच्या भावजयीचं. वृद्धाश्रमाच्या धुलाईखान्यातलं माझं काम लागलं ते बाईंच्या चिठ्ठीवर. माझे फॉर्म त्या भरतात, चला, आता इथे सही, असं म्हणून बोट ठेवतात, आणि मी सही करते. घराच्या कागदापासून डॉक्टरच्या भेटीच्या वेळेपर्यंत माझ्या इथल्या संसाराला त्यांचा हात लागलेला. म्हणून त्यांच्या कपाळावर आठी दिसली की माझ्या तोंडून आधी सॉरी निघायचं. अजूनही निघतं.

धुलाईखान्यात पलंगपोस घडी करायला दोघी लागतात. मशीनमधून गरम चादर आली की एक टोक माझ्या हातात आणि दुसरं माझ्या जोडीदारणीच्या. ती माझ्याआधी तीन वर्षं तिथे होती. उंच, शांत, पण एकदा हसायला लागली की चादर हातातून सुटायची. आमचं दोघींचं जर्मन सारखंच मोडकं, म्हणून आम्हाला एकमेकींचं छान कळायचं. कुठली ते मी विचारलं तेव्हा तिने आधी देश सांगितला, मग जमात. ते नाव ऐकून माझ्या हातातलं टोक सैल पडलं. दर बुधवारी मी घेत होते तेच नाव.

दुसऱ्या दिवशी मी तिला कागद दाखवला. शेवटची ओळ अंगठ्याखाली झाकून. ती नमाज पढणारी, आणि शेवटची ओळ नेहमी एकच असायची, की या लोकांना खऱ्या देवाची ओळख व्हावी.

तिने फोटो बघितला आणि हसत सुटली.

"ही आमची नाहीच! केस बघ हिचे. हे शेजाऱ्यांचे केस. आमच्या बायका अशा वेण्या घालतील तर सासू घरात घेणार नाही."

मग एकेक ओळ बोटाने वाचत गेली. "पाणी. हो, खरं आहे. गुरांचा रोग. हो. जीप? जीप कुणाची?"

"भाषांतर करणाऱ्यांची."

"त्यांची जीप बिघडली ती आमची गरज कशी काय?"

मी म्हटलं, "ते तुमच्यासाठी काम करतात ना."

"बरं," ती म्हणाली. "मग त्यांच्या जीपला माझ्याकडूनही आमीन." आणि कागद नीट घडी घालून मला परत दिला. घडी घालताना माझा अंगठा होता ती ओळही तिने बघितली.

तिची गरज कागदावर नव्हती. तिची नऊ वर्षांची मुलगी गावाकडे आजीपाशी होती. मुलीला इकडे आणायचा हक्क तिला मिळाला होता, पण कचेरीत अर्ज करायचा तर मुलगी मावेल एवढी जागा नावावर दाखवावी लागते. ती राहायची चौघींच्या घरात, एका पलंगावर. आजी थकत चालली होती. आजी गेली तर मुलगी काकाकडे जाणार, आणि काकाच्या घरात गेलेली मुलगी शाळेत जात नाही, एवढंच ती म्हणायची. पुढचं सांगायची नाही. मला सांगायची गरजही नव्हती. शाळा कशी सुटते, ते मला कुणी शिकवायला नको.

दीड वर्ष ती घर शोधत होती. शेवटी शहराबाहेर एका म्हाताऱ्याने दोन खोल्या द्यायचं कबूल केलं. मी तिच्याबरोबर बघायला गेले. निजायच्या खोलीत भिंतीवर काळी बुरशी, खिडकी एकाच बाजूने उघडणारी. शुक्रवारपर्यंत सांगा, म्हातारा म्हणाला.

आणि मी माझं शहाणपण काढलं.

आमच्या प्रार्थनागृहाच्या वर दोन खोल्यांचं घर आहे. स्वयंपाकघर, न्हाणी, पांढरेशुभ्र पडदे. महिन्यातून एकदा मीच ते झाडून पुसून घेते, म्हणून मला ठाऊक, की तिथे वर्षभर कुणी राहत नाही. मी तिला म्हटलं, "थांब. हे बुरशीचं घर घेऊ नकोस. बुधवारी मी मंडळीत सांगते."

आमच्या गावात बुधवार म्हणा, शनिवार म्हणा, प्रार्थनेत कुणाची नड मोठ्याने सांगितली की ती सांगितलीच. उपासना संपून चपला घालेपर्यंत कुणीतरी म्हणतं, "त्यांच्याकडे ज्वारी नाही होय? पाठव गं पोराला." पाळकसाहेब म्हणायचे, ज्याच्या तोंडून मागणं निघालं त्याने उद्या सकाळी त्या दारात उभं राहायचं. म्हणून लोक तिथे प्रार्थना जपून करायचे. मोठ्याने म्हटली तर सकाळी भाकरी बांधून निघावं लागे. नवरा-बायकोचं भांडण असो नाहीतर कुणाचं पडलेलं छप्पर, देवाच्या कानावर घालणं आणि शेजाऱ्याच्या कानावर घालणं आम्ही कधी वेगळं धरलं नाही. देवाला सगळं ठाऊकच असतं. मोठ्याने बोलायचं ते शेजाऱ्यासाठी.

त्या बुधवारी मी पहिल्यांदा जर्मनमध्ये मोठ्याने प्रार्थना केली. आधी वहीत लिहून, पाठ करून. त्या जमातीतली एक बाई इथेच आहे, माझ्याबरोबर काम करते, तिला लेकीसाठी दोन खोल्या हव्यात, प्रभो, तुझ्या घरात खोल्या आहेत. वर बोट दाखवायचं राहिलं एवढंच. सगळ्यांनी आमीन म्हटलं. पोस्टमननी तर दोनदा. एका आजींनी माझा हात दाबला.

आमीन म्हणजे झालं, असं मी समजले.

गुरुवारी चादरीच्या टोकाकडून मी तिला सांगितलं, "झालं समज. सगळे हो म्हणाले."

"कोण कोण?"

"सगळे."

तिने चादर तशीच छातीशी धरली आणि डोळे मिटले. शुक्रवारी तिने म्हाताऱ्याला नकार कळवला.

शनिवार गेला, रविवार गेला. रविवारी उपासनेनंतर केक-कॉफी झाली. घराचा विषय कुणी काढला नाही. मी दोनदा कपबश्या विसळल्या, कुणी हाक मारेल म्हणून. शेवटी बैठकीच्या बाईंनीच मला जिन्यापाशी बोलावलं. आवाज नेहमीसारखा मऊ होता. म्हणाल्या, कुणाची खासगी परिस्थिती अशी बैठकीत सांगायची नसते, डाटेनशुत्झ असतो, म्हणजे खासगी माहिती जपायचा कायदा, त्या बाईची लेखी संमती लागते. आणि मनाला लागली असेल तर मनातल्या मनात प्रार्थना करावी, ती जास्त खोल असते.

मी म्हटलं, "हो, हो. सॉरी." मग सगळा धीर एकवटून विचारलं, "पण वरचं घर?"

"ते मिशनरींसाठी आहे. रजेवर आले की त्यांना हक्काची जागा हवी ना. वसंतात ते जोडपं येणार आहे, दोन आठवडे." आणि हसून म्हणाल्या, "तेच की, तुझ्या मैत्रिणीच्या लोकांसाठी राबणारे!"

उरलेले पन्नास आठवडे? हा प्रश्न माझ्या जिभेवर होता. जर्मनमध्ये जुळतही होता, अवघड वाक्य नव्हे. मी तो विचारला नाही.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो कांदे चिरत होता, सुट्टीच्या दिवशीही हात थांबत नाही त्याचा.

"अहो, पाळकांना भेटू का मी?"

"भेट. आणि मग आपली पेटी उचलून कुठे जायचं तेही विचारून ये."

"असं काय बोलता?"

"घर कुणाच्या भावजयीचं? नोकरी कुणाच्या चिठ्ठीची? दुसऱ्याला छप्पर द्यायला निघालीस, तू कुणाच्या छपराखाली बसलीस ते बघ आधी."

तरी मी पाळकांना भेटले. त्यांनी कॉफी दिली, सगळं शांतपणे ऐकलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाले, "ही गोष्ट आपण प्रार्थनेत ठेवू." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. खोटं नव्हतं ते, म्हणून तर मला जास्त राग आला. खोटं असतं तर भांडता आलं असतं. निदान घरी येऊन नावं ठेवता आली असती.

तिला सांगायला मी चार दिवस लावले. म्हाताऱ्याला परत फोन करावा लागेल हे कळत असूनही चार दिवस. सांगितलं तेव्हा आम्ही घडीच घालत होतो. ती थांबली नाही. टोकाला टोक, मग पुन्हा टोकाला टोक. माझ्याजवळ आली, माझ्या हातातली कड घेतली आणि म्हणाली, "तू म्हणालीस सगळे हो म्हणाले."

"म्हणाले होते."

"कशाला हो म्हणाले?"

म्हाताऱ्याच्या खोल्या गेल्या होत्या. एक विद्यार्थी राहायला आला होता, बुरशीसकट.

त्यानंतरचे शनिवार मी तिच्याबरोबर घरं बघत फिरले. ती नको म्हणाली नाही, ये असंही म्हणाली नाही. रांगेत पुढे-मागे उभ्या राहायचो आणि घरमालक आम्हाला दोघींना एकच बाई समजल्यासारखे बघून पुढे जायचे. थंडीत तिची आई, मुलीला सांभाळणारी आजी, वारली. मुलगी काकाकडे गेली. महिन्याभरात तिच्या एका नातेवाइकाने हॅनोव्हरला दोन खोल्या मिळवून दिल्या आणि ती गेली. निघताना तिने मला नवा नंबर दिला, पत्ता दिला नाही. अर्ज आता घातलाय म्हणाली, वर्ष लागेल, जास्तही लागेल.

वसंतात ते जोडपं आलं. स्वागताचा स्वयंपाक मला सांगितला, तुझ्या हातचं सगळ्यांना आवडतं म्हणून. मी पुलाव केला. वरच्या घराचे पडदे धुऊन लावले तेही मीच. जेवताना त्यांनी प्रोजेक्टरवर फोटो दाखवले. जोडप्यातल्या बाई माझ्याएवढ्याच असतील, उन्हाने रापलेल्या. दुरुस्त झालेल्या जीपचा फोटो आला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग कुणीतरी सहज म्हणालं, की या लोकांतली एक बाई इथेच कामाला होती.

मिशनरी बाईंनी काटा खाली ठेवला. "इथे? या शहरात? मला कुणी कळवलं का नाही? मी तिच्या भाषेत बोलले असते. तिचं गाव आमच्यापासून लांब नसेलही."

सगळे आपापल्या ताटात बघू लागले. बैठकीच्या बाई माझ्याकडे बघत होत्या. आठी नव्हती. त्या घाबरल्या होत्या. त्यांना घाबरलेलं मी पहिल्यांदाच बघितलं आणि मला त्याचं काही सुख झालं नाही.

"ती गेली," मी म्हटलं. "मी तिला विचारून सांगते."

दुसऱ्या दिवशी मी हॅनोव्हरला फोन लावला. सगळं सांगितलं, वरच्या घराच्या पडद्यांसकट. तिच्या मागे कुठेतरी मशीन फिरत होती, तिथेही धुलाईतच लागली असणार.

"त्यांना माझ्याशी नको बोलू दे," ती म्हणाली. "माझ्या मुलीशी बोलायला सांग. भाषा येते ना त्यांना. जीप पण आहे. मुलगी माझा फोन घेत नाही. काकाचं पोर सांगतं, ती म्हणते, आईने मिळालेलं घर नाकारलं. सांग त्यांना, जाऊन तिला सांगा, आईने का नाकारलं."

गावाचं नाव तिने तीनदा सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून. मी ते लिहून नेऊन मिशनरी बाईंना दिलं. त्यांनी आपल्या डायरीत उतरवलं, खाली दोन रेघा मारल्या आणि माझे हात हातात घेऊन डोळे मिटले.

मी मिटले नाहीत. मी म्हटलं, "आधी सांगा, तुम्ही जाल कधी?"