बारावा गुत्ता

दारूबद्दल इतकं जाणणारा आणि दारूला इतका भिणारा दुसरा माणूस अख्ख्या टेक्सासात सापडणार नाही, हे मी लिहून द्यायला तयार आहे. फ्रिस्कोत आमच्यापासून तिसऱ्या घरात, मुलाकडे राहणारे हे काका. मूळचे नागपूरचे. सगळी हयात भूमी अभिलेख खात्यात, म्हणजे दुसऱ्यांच्या जमिनी मोजण्यात गेली. खोकल्याचं औषध घेण्याआधी ते बाटलीवरची बारीक अक्षरं भिंगातून वाचतात, आणि त्यात अल्कोहोल निघालं तर खोकला पत्करतात. ख्रिसमसच्या केकला हात लावण्याआधी सुनेकडून तीनदा वदवून घेतात की त्यात रम नाही, आणि तरीही वरचे बदामच तेवढे उचलतात. असा हा माणूस गेली नऊ वर्षं इंग्लंडमधल्या एका एवढ्याशा गावातल्या बंद पडलेल्या पबांचा इतिहास लिहितो आहे.

याची सुरुवात झाली ती एका घंटेमुळे. काकांचा मुलगा अमेरिकेत येण्याआधी दोन वर्षं इंग्लंडला प्रोजेक्टवर होता. तेव्हा काका त्याच्याकडे सहा आठवडे राहायला गेले. भाड्याच्या घराचं नाव 'ओल्ड बेल'. जुनी घंटा. काकांनी पहिल्याच दिवशी माळ्यापासून कोळशाच्या खोलीपर्यंत सगळं घर धुंडाळलं, पण घंटा काही सापडली नाही. शेवटी त्यांनी कुंपणावरून शेजारच्या निवृत्त शिक्षिकेला विचारलं. त्या म्हणाल्या, इथे पूर्वी पब होता, समोर टपालपेटी आहे तिथे दुसरा, कोपऱ्यावर तिसरा, आणि असे एकूण अकरा. गावाच्या हॉलमध्ये त्यांनी स्वतः अकरा नावांची पाटी लावली होती. ज्या माणसाने जन्मभर 'या जागेवर आधी कोण होतं' हा एकच प्रश्न विचारून पगार घेतला, त्याच्यापुढे हे म्हणजे मांजरापुढे दुधाचं पातेलं उघडं ठेवण्यासारखं झालं. परत येईपर्यंत काकांनी गावातले सगळे जुने कागद चाळले आणि विमानतळावरून मुलाला सांगितलं, "अकरा नाही, बारा आहेत. पाणचक्कीपाशी एक विधवा बाई आपल्या पुढच्या खोलीत घरची बिअर विकत होती. तिची नोंदच नाही घेतली या लोकांनी."

त्या विधवेचं नाव पाटीवर लागलं पाहिजे हा काकांचा ध्यास, आणि पुराव्याशिवाय लागणार नाही हा त्या शिक्षिकाबाईंचा बाणा. तेव्हापासून दर शुक्रवारी फ्रिस्कोतून एक ईमेल जातो आणि मंगळवारी तिकडून उत्तर येतं. काका एका बोटाने टाइप करतात. अटॅचमेंट जोडायचं काम माझ्याकडे आहे, कारण मुलगा ऑफिसात असतो, सुनेच्या मीटिंगा संपत नाहीत आणि नातू 'आजोबा, नॉट नाऊ' म्हणतो. त्यामुळे हा सगळा पत्रव्यवहार मी वाचला आहे. बाई काकांच्या इंग्रजीतल्या चुका तांबड्या अक्षरांत दुरुस्त करून पाठवतात. काका त्यांना चतुःसीमा शिकवतात. "तुमच्या सातव्या पबची पश्चिमेची हद्द मोघम आहे," असं ते एकदा इतक्या करड्या शब्दांत लिहीत होते की मी म्हटलं, "काका, एवढ्या वयाच्या बाईंना असं कसं लिहिता?" तर म्हणाले, "हद्दीला वय नसते बाप्पा."

आमची वसाहत काकांच्या तावडीतून सुटली असती तरच नवल. टेक्सासच्या उन्हात माणूस टपाल आणायला दारापर्यंत जातो आणि घामाघूम होऊन परत येतो, त्यामुळे काकांचं फिरणं सकाळी साडेसहालाच. बरोबर मी, आणखी दोघंतिघं पेन्शनर आणि काकांच्या हातात त्या गावाचा नकाशा. त्यांनी तो आमच्या रस्त्यांवर मापात बसवला आहे. गोल चौक म्हणजे चर्च, पावसाचं पाणी साठवायचं तळं म्हणजे पाणचक्की, आणि पबांच्या वाट्याला आलेली घरं म्हणजे आम्ही. माझं घर 'तीन नाल'. तिथला मालक मुळात लोहार होता, घोड्याला नाल ठोकेपर्यंत गिऱ्हाईक बिअर पीत बसायचं. काका हे सांगताना माझ्या गॅरेजकडे असं बोट दाखवतात की मलाही आत भाता दिसायला लागतो. समोरचे तेलुगू गृहस्थ 'नांगर'मध्ये राहतात आणि त्यांना याचा अभिमान आहे.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण पूर्वी लोकांना वाचता येत नसे, म्हणून पबाच्या पाटीवर चित्र असे, हे काकांनी वाचलं आणि स्वतः पाट्या रंगवायला घेतल्या. एका शनिवारी आमच्या ओकच्या झाडाला तीन नालांची पाटी लोंबू लागली. रविवारी दुपारी बेल वाजली. दारात दोन धिप्पाड गोरे आणि एक दमलेला कुत्रा. पाटी फार छान आहे म्हणाले, उघडं आहे का? माझी बायको सांगलीची. तहानलेल्या माणसाला दारातून परत पाठवायचं तिला जमत नाही. तिने त्यांना बसवून मठ्ठा दिला, कुत्र्याला पाणी दिलं. पुढच्या रविवारी त्यांतला एक आपल्या बायकोला घेऊन आला. आठवड्याभरात एचओएचं, म्हणजे घरमालकांच्या सोसायटीचं, पत्र आलं की वसाहतीत विनापरवाना व्यावसायिक फलक लावता येत नाही. मी ते तणतणत काकांकडे नेलं. त्यांनी चष्मा चढवून वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "विनापरवाना. हेच तर म्हणून राहिलो मी नऊ वर्षांपासून. दारात बाई, तिच्या हातात भांडं आणि समोर तहानलेला माणूस, झाला पब. परवाना मागून येते. त्या विधवेचं असंच असन." त्यांनी माझ्या पत्राची प्रत बाईंना पुरावा म्हणून पाठवायला लावली. बाईंनी उत्तरात एकच ओळ लिहिली: मठ्ठ्याची कृती पाठवावी.

दिवाळीच्या फराळाला इथल्या मराठी मंडळाने काकांचं व्याख्यान ठेवलं तेव्हा अध्यक्षांनी ते 'ज्येष्ठांसाठी आरोग्यविषयक' म्हणून जाहीर केलं. काका पाच पब झाल्यावर थांबतील असं वाटलं होतं. नवव्या पबाला चकल्या संपल्या, अकराव्याला माणसं, आणि बारावा ऐकायला मी आणि खुर्च्या उचलायला आलेले दोन कार्यकर्ते उरलो. काकांना त्याचं काही नव्हतं. गावातला शेवटचा पब बंद झाला त्या दिवशी आत फक्त तीनच माणसं होती, आणि त्यांतल्या एक आपल्या बाई, असं त्यांनी घरी जाताना गाडीत सांगितलं. पुढे म्हणाले, "आता तिथे कोणाशी बोलत असतील त्या, देव जाणे. मी निदान तुझं डोकं तरी खातो." आणि ते खरं होतं.

मागच्या फेब्रुवारीत काकांनी मला सकाळीच बोलावलं. इंग्लंडच्या कुठल्याशा दप्तरखान्यातून दोन जुन्या नकाशांचे स्कॅन आले होते. टेबलावर दोन्ही प्रिंट, त्यावर फूटपट्टी, आणि काका तीच दोन घरं पुन्हा पुन्हा मोजताहेत. शेवटी म्हणाले, "एका कागदात गल्लीतली घरं चर्चकडून मोजली आहेत, दुसऱ्यात चक्कीकडून. हा सातवा पब, 'पांढरा हंस', आणि ही आपली विधवा. एकच घर आहे. तिनं दुसरं लग्न केलं, नवऱ्यानं हंसाची पाटी लावली. अन् मी एकच घर दोनदा मोजलं." फूटपट्टी बाजूला सारून ते म्हणाले, "मोजणी कोणत्या टोकापासून सुरू केली ते आधी पाहा, हे बोलून पस्तीस वर्षं हाताखालच्या पोरांना झापलं रे मी."

म्हणजे अकराच. बाई बरोबर होत्या. मला आधी हसू आलं, मग ते गिळावं लागलं. मी म्हटलं, "काका, यार, कोणाला कळणार आहे? ठेवून द्या ड्रॉवरमध्ये." ते खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. म्हणाले, "हे पाठवलं की भांडण मिटलं. मग त्या काय लिहितील, अन् मी काय लिहू? हवा कशी आहे?" मी पुन्हा ड्रॉवरचं सुचवलं. पण हयातभर नोंदी केलेला माणूस तो. "चुकीच्या नोंदीवर सही नाही करत मी," असं म्हणून त्यांनी एका बोटाने चार ओळी टाइप केल्या, चूक कबूल केली, आणि मला दोन्ही नकाशे जोडायला सांगितले. सेंडचं बटण मात्र मी दाबलं.

त्या मंगळवारी उत्तर आलं नाही. पुढच्याही नाही. काका फिरायला येत, पण नकाशा घरीच असे, आणि आमची घरं नुसती घरंच राहिली. समोरच्या तेलुगू गृहस्थांनी एकदा 'नांगर'ची आठवण काढून पाहिली, तर काका म्हणाले, चला, ऊन होईल. बाईंना काही झालं असेल का, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही विचारू दिलं नाही. मला त्या चार ओळी पाठवल्याचा मनापासून पश्चात्ताप होत होता.

चौथ्या मंगळवारी काका स्वतः आमच्या दारात आले. हातात प्रिंट. बाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेल्या होत्या, डोळ्यांना बरं आहे असं लिहिलं होतं. पाटीवर सातव्या नावाखाली त्या विधवेचं नाव बारीक अक्षरांत घालायला त्यांनी रंगाऱ्याला सांगितलं होतं, कारण हंसापेक्षा ती आधीची. आणि शेवटी लिहिलं होतं: नव्या डोळ्यांनी मी तुमची सगळी टिपणं पुन्हा वाचली, तिसऱ्या पबाचं दार तुम्ही पूर्वेला दाखवलं आहे, ते मला मुळीच मान्य नाही.

काका सोफ्यावर बसले, बायकोने दिलेलं पाणी घटाघटा प्यायले. "पूर्वेलाच आहे," म्हणाले. "त्याचा फोटो आहे माझ्याकडे. दार स्पष्ट दिसते."

मी लॅपटॉप उघडला. "द्या, आत्ताच अटॅच करतो."

काकांनी हात पुढे करून तो हळूच मिटला. "काहून घाई करून राहिला बाप्पा," ते म्हणाले. "फोटो काय पळून चालला? भांडू दे की जरा."