पितृपक्षात न पाहिलेला ट्रक

टोक मोडून पाहिल्याशिवाय मी पावशेर भेंडी घेत नाही. गांधीबागेच्या बाजारात शर्टाचं कापड घ्यायचं तर उजेडात नेऊन, चुरगाळून, दुकानदाराला मेटाकुटीला आणून घेतो. अशा माणसानं अख्खा ट्रक न पाहता घेतला, हे आमच्या घरात कोणी विसरायला तयार नाही.

माझा मोठा भाऊ नरखेड तालुक्यात आमची संत्र्याची बाग सांभाळतो. मी नागपुरात नोकरी करतो. तोडा सुरू झाला की भाड्याची गाडी कधीच वेळेवर यायची नाही आणि माल झाडाखाली सुकायचा. म्हणून आपलाच जुना ट्रक घ्यायचं ठरलं. एका मालवाहतूक कंपनीच्या वापरलेल्या गाड्या ऑनलाइन लिलावात निघाल्या होत्या. दादा म्हणाला, "तू शिकेल हायेस, तूच घे." बागेच्या कामात त्यानं माझ्यावर काही सोपवायची ती पहिलीच वेळ. मला ते चोख करून दाखवायचं होतं. भाड्याची गाडी सांगून ठेवू नकोस, असंही मीच त्याला ठणकावलं.

गाड्या पाहायला दोन दिवस ठेवले होते. यार्ड शहराबाहेर, भादव्याचं ऊन, त्यात पितृपक्ष. दादाचा फोन आला, "पाह्यली का गाडी?"

"पितृपक्षात कोणी गाडी पाहायला जाते का, दादा? लिलाव घटस्थापनेले आहे. याच्यापेक्षा चांगला मुहूर्त कोणता?"

देवाधर्माचं निघालं की दादा गप्प बसतो. खरं सांगायचं तर मला उन्हात जायचं नव्हतं. पितरांचं फक्त नाव झालं. फोटो मात्र मी मोठे करकरून पाहिले. रंग चकचकीत, आरसे शाबूत, शिवाय नंबराची बेरीज नऊ. घटस्थापनेला आंघोळ करून मी बोली लावली आणि ट्रक आमचा झाला.

दसऱ्याला ड्रायव्हरला घेऊन मी ट्रक आणायला गेलो. ट्रक यार्डात फाटकाकडे तोंड करूनच उभा होता, तसाच सरळ निघाला आणि सरळ बागेत पोचला. वहिनीनं ओवाळलं, नारळ फुटला, चाकाखालची लिंबं चिरडली. मग ड्रायव्हर गाडी मागे घ्यायला गेला, तेव्हा नुसती खरखर झाली. रिव्हर्स गिअर पडतच नव्हता.

मिस्त्री म्हणाला, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, दोन-तीन आठवडे जातील. संत्री तेवढी थांबणार नव्हती. बागेतली वाट अरुंद, वळायला जागा नाही, आणि भरलेला ट्रक मागे ढकलणं माणसांचं काम नव्हे. वहिनी म्हणाली, "भाऊजी, बायको तरी पाहून केली होती ना?" सगळे हसले. दादा हसला नाही, रागावलाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटेच्या टोकाशी त्यानं दोन झाडं तोडली, ट्रकला वळण मिळावं म्हणून. फळं आधी उतरवून घेतली होती. मी कॉलेजसाठी नागपूरला गेलो त्या वर्षी त्यानं लावलेली झाडं ती. मला फार लाज वाटली. "काहून तोडली गा?" मी विचारलं.

"गाडी मागं जात नाही, तं झाडच मागं घेतले," तो म्हणाला आणि कॅरेट उचलायला लागला. त्या वर्षीचा सगळा माल त्या वळणावरून वेळेत बाजारात गेला.

ट्रक हिवाळ्यात दुरुस्त झाला. पुढच्या आषाढात दादा मला नर्सरीत घेऊन गेला आणि म्हणाला, "त्या जागी लावाले दोन कलमा निवड." मी एकेक कलम उचललं, पानं उलटी करून पाहिली, डोळा बांधलेली जागा तपासली, मुळं पाहायला पिशव्या उकलल्या. नर्सरीवाला वैतागला. तासाभरानं दोन कलमं निवडली. दादा इतका वेळ बांधावर बसून माझ्याकडेच पाहत होता.

"औंदा ट्रॅक्टर घ्याचा हाये," तो उठत म्हणाला. "तूच घेजो. पन पितृपक्षातच पाहून येजो. पितरायले मी सांगून ठेवतो."