बॉनेटला टेकलेली पाठ

पद्मा मगदूमची कंडक्टरची सीट महिन्यातले कित्येक दिवस रिकामी असायची, आणि पद्मा गाडीतच असायची. सातारा–सांगली गाडीची तिकिटं उंब्रजपर्यंत आटोपली की बाई माझ्या केबिनमध्ये यायची, इंजिनाच्या तापलेल्या बॉनेटला गोधडीचा तुकडा लावायची आणि त्याला पाठ टेकून खाली बसायची. एखादी म्हातारी विचारायची, "काय झालं गं?" ही म्हणायची, "काय न्हाई आज्जी, आज कंबर ड्युटीवर हाय, मी सुट्टीवर."

सांगलीकडच्या जैन शेतकऱ्याची लेक. आवाज असा, की तिने कराडला "फुडं सरका" म्हटलं की पेठ नाक्यावरची माणसं सरकायची.

डेपोतले मात्र मलाच धरायचे. "फौजी, तुझ्या खड्ड्यांनी बाईची कंबर गेली रं!" मी लडाखमध्ये लष्कराचा ट्रक असा हाकलेला गडी, की मागे झोपलेल्या मेजरसाहेबांना गाडी सुरू झाल्याचं मुक्कामाला कळलं. इज्जतीचा प्रश्न होता. मी आष्ट्यापर्यंतच्या प्रत्येक खड्ड्याला नावाने ओळखू लागलो. पद्माला कमरेचा पट्टा आणून दिला. म्हसवडकडच्या एका हाडवैद्याकडे तिला मीच नेलं. त्याने पाठीत असा गुडघा रोवला, की येताना ती एक शब्द बोलली नाही. त्या बाईचं गप्प बसणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

एक्स-रे स्वच्छ निघाला आणि तिथून तिचे खरे हाल सुरू झाले. "फोटोत कायच न्हाई, म्हंजे बाईला काम नको," लोक तिच्या तोंडावर म्हणायचे. रजेचा खुलासा तिला दोनदा लेखी द्यावा लागला. तिसऱ्यांदा नोकरीवरच गदा येईल, अशी कुजबुज होती.

दोष माझ्या हाताचा नाही, रस्त्याचा आहे, हे सिद्ध करायला मी केबिनमधल्या कॅलेंडरवर खुणा करू लागलो. ती बॉनेटला टेकली, की त्या तारखेवर फुली. चार महिन्यांनी ते कॅलेंडर घरी नेऊन बायकोपुढे नाचवलं. "बघ! रस्ता तोच. पाच-सहा दिवस फुल्या, मग तीन आठवडे कोरे. खड्डे काय रजेवर जातात?"

बायकोने एकेका महिन्याच्या फुल्यांवरून बोट फिरवलं. "आवं, दोन पोरींचं बाप तुमी. ह्यो रस्ता न्हवं. ह्या बाईच्या पाळीच्या तारखा हायत."

लडाखच्या बर्फात न गोठलेला मी स्वयंपाकघरात गोठलो.

बायकोनेच ते कॅलेंडर पद्माच्या हातात दिलं. सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी ते पाहिलं, तपासण्या केल्या आणि नाव सांगितलं, एंडोमेट्रिओसिस. गाडीच्या पाटीवर मावणार नाही एवढं. गर्भाशयाच्या आत अस्तर असतं, तसलंच काहीतरी बाहेर चिकटून वाढतं, पाळीला सुजतं आणि कंबर पिळून काढतं. पद्माने त्यांना एकच विचारलं, "म्हंजे मी खोटं बोलत न्हवते?" अकरा वर्षं दुखलं होतं तिचं.

मग गोळ्या, शेक, विश्रांतीच्या खोलीत सतरंजीवरचे व्यायाम, एक ऑपरेशन. वर्षभर बरं गेलं. नंतर एका सकाळी गोधडीचा तुकडा पुन्हा पिशवीतून बाहेर आला. "आवं फौजी, ह्ये उतरणारं पॅसेंजर न्हाई. ह्येला संगट घेऊनच गाडी हाणायची."

तशी हाणलीही असती. पण आम्हाला विजेवरची गाडी मिळाली. आवाज नाही, हादरा नाही. "आता पोटातलं पाणी हलायचं न्हाई!" मी फुशारकी मारली. पद्माने माझ्या शेजारी, बॉनेट असायचं तिथे, हात फिरवला. "इंजिन कुठं हाय?"

"हिला ते नसतंच."

नेमके तिचे ते दिवस होते. कराडला भरून घेतलेली गरम पाण्याची पिशवी पेठ नाक्याला गार पडली. सांगलीपर्यंत ती दांडा धरून उभी होती, ओठ पांढरे. उतरताना म्हणाली, "गाडी लय ग्वाड हाय, फौजी. फकस्त टेकायला जागा न्हाई."

दोन महिन्यांत तिने नोकरी सोडली. आष्ट्याजवळ माहेरी असते. फोनवर तिला "मोठ्यानं बोल" म्हणावं लागतं, यात माझी एकही थाप नाही.

खड्ड्यांचा काही संबंध नव्हता, हे डॉक्टरीणबाईंनी कधीच सांगितलंय. तिच्या तारखाही आता सरकल्या असतील, मला काय कळणार? तरी कॅलेंडरवर ते दिवस आले, की मी पेठ नाक्यापासून एकेक खड्डा चुकवत गाडी नेतो. केबिनमध्ये माझ्याशिवाय कोणी नसतं.