बोटभर माया

चहा गरम आहे तोवर सांगून टाकतो, कारण आमच्या सुमनने सांगितलं तर ती मला याहून मूर्ख ठरवील. बोईसरच्या कारखान्यात मी तीस वर्षं पत्रे कापले. रेषेच्या केसभर बाहेर कधी गेलो नाही. ही फुशारकी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मुलीला मुलगा झाला. बारशाला त्याच्या अंगावर माझ्या आईच्या साडीचं दुपटं हवं, हा माझा हट्ट. आई आता नाही. तिची एकच हिरवी साडी उरली होती, तीही विरलेली. धड होते ते फक्त पदराकडचे काही तुकडे; त्यांचे चौकोन कापून जोडायचं ठरलं.

शिवणार होती सुमन, माझी बायको. माहेर केळव्याचं, शिवणकामात हात बसलेला. पण त्या दिवशी ती डिंकाचे लाडू वळत होती, म्हणून कापायचं काम मी मागून घेतलं. तिने पुठ्ठ्याचा चौकोन दिला आणि स्वयंपाकघरातून सांगितलं, "पुठ्ठा ठेवा, रेघ मारा, माया सोडा नि मंग कापा."

कात्री हातातच राहिली. माझ्या आईची साडी, आणि ही म्हणते माया सोडा? सासूसुनेचं फारसं जमलं नव्हतं, मान्य. पण तो हिशेब आता काढायचा?

"इतकी सहज सुटते का गं माया?"

"सोडायलाच लागते. नायतर मागनं रडाल."

"मग काय, अजिबात ठेवू नको?"

"अवो, बोटभर ठेवली तरी पुरे हाय."

ऐकलंत? ज्या माउलीने मला जन्म दिला तिच्यासाठी बोटभर! मी डोळे पुसले आणि रागारागाने बरोब्बर रेषेवर कापत सुटलो. छत्तीस चौकोन. निषेध म्हणून लाडूसुद्धा दोनच खाल्ले.

दुसऱ्या दिवशी शिलाई मशीन सुरू झालं आणि लगेच थांबलं.

"अवो, माया कुठंय?"

"सोडली. तूच म्हणालीस."

तिने एक चौकोन उलटसुलट करून पाहिला. "मंग शिवनीत काय घालू, तुमचं डोकं?"

तेव्हा कळलं. शिवणकामात माया म्हणजे रेषेबाहेर राखलेलं जास्तीचं कापड, जे शिवणीत जातं. मी ते राखलंच नव्हतं. त्यामुळे प्रत्येक चौकोन चारही बाजूंनी शिवणीने खाल्ला आणि दुपटं एवढंसं झालं की बाळाचे पाय गुडघ्यापासून बाहेर. आईची शेवटची साडी मी वाया घालवली होती. खरंच रडू आलं.

सुमनने माझा कारखान्याचा निळा शर्ट उसवला आणि दुपट्याला चारी बाजूंनी रुंद पट्टी लावली. "सासूबाईंची साडी हाय. मी कशी फुकट जाऊ देईन?" मी तिच्याबद्दल काय काय मनात आणलं होतं, ते आठवून मान वर होईना.

बारशाला घिवलीहून विहीणबाई आल्या. दुपटं चाचपत म्हणाल्या, "साडी झ्याक हाय. पन ही निळी पट्टी कशाला लावलीत?"

सुमन गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "काय करनार? आजोबांची माया कमी पडली."

विहीणबाईंनी माझ्याकडे कळवळून पाहिलं आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"असू दे हो, पयलाच नातू हाय. लागंल त्यांना हळूहळू."