भिंतीवरचा कर्णा

प्रल्हादनं भिंतीवरचा पितळी कर्णा उतरवून पंचात गुंडाळला. उंबऱ्यात इंदूवहिनी उभी होती, कपाळावर ठसठशीत कुंकू.

"भावोजी, नाही बसला तर परत आणा हं."

तिचा नवरा बाळ, प्रल्हादचा थोरला भाऊ, लग्नाच्या बँडात सूझाफोन वाजवायचा. अंगाभोवती वेटोळं घालणारं ते पितळी धूड. पुढचा कर्णा तेवढा काढून ठेवता येतो. पंडिताच्या घरातलं पोर वरातीत भोंगा फुंकतं म्हणून वडिलांनी एकदा तोंड सोडलं, तसा बाळ नुसतं वेटोळंच खांद्याला लावून चालता झाला. कर्णा भिंतीवरच राहिला. त्याला बारा वर्षं झाली, बाळचा काही पत्ता नाही. आता भाऊबंद मागे लागले होते: त्याच्या नावानं पळसाच्या पानांचा पुतळा करा, घाटावर अग्नी द्या, सुटू दे बिचाऱ्याला. वहिनी एकच म्हणे, "विश्वनाथाच्या दारात जित्या माणसाला जाळू होय?"

आणि काल बाजे दुरुस्त करणाऱ्या लल्लन मिस्त्रीचा निरोप आला. बिनकर्ण्याचं एक जुनं वेटोळं दुरुस्तीला आलंय, बघून जा.

"नये में सीधे पेंच होते हैं, पंडितजी. ये पुराना है, कानवाला," मिस्त्रीनं दुकानात वेटोळ्याच्या तोंडाचं कडं दाखवलं. कड्याला तीन कान, त्यातला एक वाकडा. बाळच्या वेटोळ्यालाही त्यानं स्वतः झाळलेला तसाच एक वाकडा कान होता. दुसरा कुठलाच कर्णा त्यावर बसत नसे.

अन्नपूर्णे, नको बसू देऊस, असं पुटपुटत प्रल्हादनं कर्णा लावला. अडला. त्याचा जीव भांड्यात पडला.

"उल्टा पकड़े हैं," म्हणत मिस्त्रीनं तो फिरवला. कर्णा अलगद आत गेला.

"वाजवणारा?"

"गुज़र गये. बलिया की तरफ. खाँसी थी. बँडवाले बाजा बेच गये."

प्रल्हादनं कर्ण्याला हात घातला, पण इतक्या वर्षांनी जुळलेलं ते पुन्हा सोडवायला हात धजेना. कर्णा तिथंच राहू देऊन उठला. दशाश्वमेध घाटावर डोळ्यांना पाणी लावलं आणि ठरवलं, खोटं बोलायचं. पाप लागलं तर आपल्याला लागो.

वहिनी तांदूळ निवडत बसली होती.

"नाही बसला, वहिनी."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. खांद्यावरच्या रिकाम्या पंचाकडे.

"मग कर्णा कुठाय, भावोजी?"

वहिनीनं ताटातला खडा वेचून बाजूला ठेवला, मग दुसरा.

"गुरुजींना सांगा," ती म्हणाली, "पळसाची पानं ताजी आणा म्हणावं. ह्यांना शिळं काही चालायचं नाही."