डिझेलमधलं पाणी आणि माझे थोरले साडू

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मिळून जेवढ्या गाड्या धावतात, त्यांतली एकही नीट बनवलेली नाही असं ठाम मत असलेला माणूस या भागात एकच आहे, आणि तो नेमका माझा थोरला साडू आहे. साडू काही निवडून मिळत नाहीत. बायको पसंत करताना मी तिच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याकडे जरा निरखून पाहायला हवं होतं, पण त्या दिवशी ते समोर आलेच नाहीत. आम्ही ज्या जीपने मुलगी बघायला गेलो होतो, तिच्याखाली ते उताणे पडले होते. चहापोहे झाले, होकार झाला, नारळ हातात आला, आणि अंगणातून आवाज आला, "जीप कोणी चालू करू नका, टाकी खोललीय." तेव्हापासून आजपर्यंत, म्हणजे माझ्या मास्तरकीची बहुतेक सगळी वर्षं आणि निवृत्तीचीही काही, मी या गृहस्थांच्या शोधांपायी थकत आलो आहे. हा थकवा झोपेने जात नाही.

साडू मुरबाडच्या एका कारखान्यात फिटर होते. तिथे दिवसभर यंत्रं दुरुस्त करून घरी आले की न बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करत. कोणत्याही गाडीत बसण्याआधी ते बॉनेटला कान लावतात, वैद्याने नाडी बघावी तसे डोळे मिटतात आणि "हिला श्वास पुरत नाय" असं काहीतरी सांगून आधीच बसलेल्यांना खाली उतरवतात. किन्हवलीत एका लग्नात नवरदेवाच्या सजवलेल्या गाडीची पेट्रोलची नळी त्यांनी मंगलाष्टकं चालू असताना उपसून ठेवली होती. वरात निघायला इतका उशीर झाला की बँडवाल्यांनी आपली सगळी गाणी संपवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मुलीचा बाप तावातावाने बाहेर आला तेव्हा साडू त्याला शांतपणे म्हणाले, "वाटेत बंद पडली असती तर तुमची पोर उन्हात उभी राहिली असती. मी सावलीत बंद पाडली."

त्यांचे प्रयोग स्वतःच्या गाडीवर होत नसत. "माझी गाडी चांगली हाय, तिच्यावर काय कळणार?" हे त्यांचं शास्त्र. प्रयोगाला माझी स्कूटर लागे. पेट्रोल संपत आलं की शिट्टी वाजवणारं झाकण त्यांनी तिला बसवलं आणि मला सरळगावपर्यंत चक्कर मारून यायला सांगितलं. झाकणाला पेट्रोल संपणं आणि रस्त्यातला खड्डा यांतला फरक कळत नसल्याचं पहिल्या शंभर पावलांतच माझ्या लक्षात आलं. आमच्या रस्त्यावर त्यामुळे ते गप्प असं बसलंच नाही. वाटेत ओढ्याकाठी कोणाचा तरी दहावा चालू होता. पिंडापुढे हात जोडून उभी असलेली माणसं कावळ्याची वाट बघत होती आणि कावळा नुकताच खाली उतरत होता. मी शिट्टी वाजवत त्यांच्या अंगावरून गेलो. कावळा उडाला तो परत आला नाही म्हणतात. पुढे कितीतरी महिने त्या गावातली माणसं मला बघून रस्ता बदलत. साडूंना हे सांगितलं तर त्यांनी विचारलं, "पण आवाज किती लांब गेला?"

पुढे कधीतरी त्यांना पेटंट हा शब्द भेटला आणि माझे उरलेसुरले रविवारही गेले. शोध आपल्या नावावर करून घ्यायचा तर त्याचं वर्णन इंग्रजीत लिहून द्यावं लागतं, आणि नात्यातला इंग्रजीचा मास्तर मी एकटाच. आमच्या पडवीत बसून ते बोलत आणि मी लिहीत असे. शोधात नावीन्य हवं, तो उपयोगी हवा, आणि जाणकारालाही सहज सुचणार नाही अशी एक पायरी त्याने चढलेली हवी, हे तीन नियम त्यांना पाठ झाले आणि ते सगळ्या जगाला लावू लागले. ताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, एकदा आमच्यासमोर विचारलं, "भाजी कशी झालीय?" साडूंनी दोन घास विचारपूर्वक चावले आणि म्हणाले, "नावीन्य हाय. उपयोग नाय." ताईंनी पातेलं उचलून आत नेलं. त्या दिवशी आम्ही दोघांनी ताकभात खाल्ला.

दुसरं खूळ "किमान एक" या शब्दांचं. वर्णनात "एक नळी" लिहिलं की कोणीतरी लबाड दोन नळ्या लावून आपला शोध पळवील, म्हणून दर वस्तूच्या मागे "किमान एक" हवंच. किमान एक टाकी, किमान एक झडप, किमान एक स्क्रू. मी लिहून लिहून इतका दमलो की वर्गात फळ्यावर "किमान एक कर्ता, किमान एक क्रियापद" असं लिहून गेलो. माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका छापायला जाण्याआधी मी त्यांना सहज डोळ्याखालून घालायला दिली, तर "आमची कन्या" यामागे त्यांनी पेन्सिलीने ते दोन शब्द घातलेच होते. छापखानेवाला शहाणा होता म्हणून आमची अब्रू राहिली.

या सगळ्या पसाऱ्यात एक शोध मात्र वेगळा होता. डिझेलमधलं पाणी वेगळं करणारं भांडं. इकडे पावसाळ्यात पिंपातून, कॅनमधून डिझेल आणायचं म्हणजे त्यात पाणी जातंच, आणि ते इंजिनात शिरलं की गाडी जागच्या जागी बसते. पाणी जड, ते तळाशी बसतं, म्हणून तळाला भांडं लावायचं ही युक्ती जुनीच. पण चढावर गाडी कलली की भांडंही कलतं आणि तळचं पाणी पुन्हा नळीच्या तोंडाशी येतं. साडूंनी भांड्याच्या आत एक झुलती वाटी टांगली. गाडी कशीही कलो, वाटी सरळच राही आणि पाणी वाटीतच. इतकं साधं. ओळखीच्या एका जीपला बसवून त्यांनी ते तपासूनही बघितलं होतं. याच्यासाठी मात्र ते हट्टाला पेटले. अकरा वेळा मजकूर बदलून झाल्यावर मी वैतागून म्हणालो, "साडू, एवढं काय आहे त्या वाटीत? सोडा आता." त्यांनी कागद गोळा केले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ताई आल्या. चहा नको म्हणाल्या आणि पडवीतच बसल्या. "भावोजी, तुमाला कधी सांगितला नाय," असं म्हणून त्यांनी उजवा पाय पुढे केला. "या बोटांना काय कळत नाय. पेटता इंगळ ठेवला तरी नाय कळायचा." लावणीच्या दिवसांत त्यांना शेतात साप चावला होता एवढं मला माहीत होतं. त्यातून त्या बऱ्या झाल्या हेही माहीत होतं. मधलं माहीत नव्हतं. साडू त्यांना जीपमध्ये घालून दवाखान्यात निघाले आणि चढावर जीप बंद पडली. डिझेलात पाणी. अख्ख्या तालुक्याच्या गाड्यांना कान लावणारा माणूस भर पावसात स्वतःच्या जीपची नळी तोंडाने ओढत बसला आणि ती काही चालू झाली नाही. शेवटी एक दुधाचा टेम्पो आला. "मी शुद्धीत होते," ताई म्हणाल्या. "मी यांना बोलले, असू दे वो, येईल दुसरी गाडी. तर हे रडायला लागले. तुमी लिवा भावोजी. मना त्यातला काय कळत नाय, पण तुमी लिवा."

मी बाराव्यांदा लिहिलं.

अर्जावर आक्षेप आले. अशी भांडी आधीपासून आहेत, यात नवीन काय, असं विचारलं होतं. प्रश्न रास्तच होता. सुनावणी संगणकावर होणार होती, आणि साडूंच्या घरी रेंज झाडावर चढल्याशिवाय येत नसे, म्हणून ती आमच्याकडे झाली. साडू लग्नातला कोट घालून आले. पडद्यावर पेटंट कचेरीतल्या एक बाई आल्या. मी पढवलेलं इंग्रजी वाक्य साडूंनी सुरू केलं, ते "वेअरइन द सेड" इथपर्यंत आलं आणि थांबलं. ते माझ्याकडे बघायला लागले, मी भिंतीकडे. मग त्यांनी हिंदीत "मॅडम, एक मिनट" म्हणून पिशवीतून भांडं काढलं. एक बाजू कापून काच बसवली होती. त्यात डिझेल ओतलं, कुंकू कालवलेलं पाणी ओतलं, आणि सगळं भांडं दोन्ही हातांनी तिरकं केलं. लाल पाणी वाटीत सरळ राहिलं. एक थेंबही वाटीतून बाहेर आला नाही. बाईंनी चष्मा वर केला. "फिर से कीजिए," त्या म्हणाल्या. "दूसरी तरफ." टेबलावर पसरलेल्या माझ्या चादरीवरचा डिझेलचा डाग अजून गेलेला नाही.

काही महिन्यांनी पेटंट मिळालं. गावाने नाक्यावर मोठा फ्लेक्स लावला: 'भारत सरकारचे पेशंट झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. फोटोत साडू इतके गंभीर होते की दोन पाहुणे फळं घेऊन भेटायला आले. त्यानंतर मात्र काहीच झालं नाही. मी कंपन्यांना पत्रं लिहिली. बहुतेकांचं उत्तर आलं नाही. एका साहेबाने फोनवर नीट समजावून सांगितलं, की नव्या गाड्यांत सगळं आधीच असतं आणि जुन्या डिझेल गाड्या आता थोड्याच दिवसांच्या सोबती आहेत. साडूंनी प्रमाणपत्राला प्लास्टिक चढवून घेतलं आणि कपाटात ठेवलं. पेटंट कचेरीकडे मधूनमधून एक माहिती भरून द्यावी लागते, की तुमचा शोध वापरात आहे काय. नसल्यास का नाही. "नाही" हा शब्द मी भरायचो. साडू त्या वेळी अंगणात जाऊन उभे राहायचे.

मग एक दिवस त्यांचा फोन आला. आवाज चढलेला. "मास्तर, चोरी झाली. लगेच या."

माळशेजच्या रस्त्याला वैशाखऱ्याला चहा प्यायला थांबले असताना त्यांना शेजारच्या गॅरेजात आपली भांडी दिसली होती. एक नव्हे, फळीवर ओळीने मांडलेली. स्टीलच्या डब्यांची बनवलेली, आत झुलती वाटी. आम्ही प्रमाणपत्र घेऊन तिथे गेलो. मला साक्षीदार म्हणून नेलं होतं. गॅरेजवाला गजा मेस्त्री चाळिशीचा, शिडशिडीत, हात कोपरापर्यंत काळे. साडूंनी त्याच्यापुढे प्रमाणपत्र धरलं. "हे काय हाय, वाचता येते का?"

गजाने हात पुसले आणि सगळं वाचलं. मग म्हणाला, "म्हणजे ते तुमी काय? एका जीपला ही वाटी बसवलेली बघली होती मी. खोलून बघली. कोणी केलेय इचारला तर कोणाला सांगता येईना." त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, उलट हरवलेला माणूस सापडल्याचा आनंद होता, आणि त्यामुळे साडूंची पंचाईत झाली.

"मी नोटीस देणार हाय," ते म्हणाले.

"द्या. पण काका, तुमची वाटी घासते वो. सहा महिन्यांत बाजू झिजते आनि अडकते. मी तिला पितळी खिळा टाकला." त्याने फळीवरचं एक भांडं काढून पुढे केलं.

साडूंनी ते घेतलं. उजेडाकडे धरलं. वाटी बोटाने झुलवली, एकदा, दोनदा, मग कानाशी नेऊन झुलवली. "किती बसवल्यास?" त्यांनी विचारलं.

"ध्यानात नाय. डोळखांबकडच्या जीपा सगळ्या. पाड्यावरून माणसं आणतात ना दवाखान्यात, त्या पयल्या. ते लोक येऊन बसवून घेतात, पाऊस लागायच्या आधी."

साडूंनी प्रमाणपत्र माझ्या हातात दिलं. शर्ट काढून खिळ्याला अडकवला आणि गजाच्या शेजारी उकिडवे बसले. "खिळा बरोबर हाय," ते म्हणाले, "पण जरा वर घे. चढावर भार इकडे येतो." पुढचे तीन तास मी एका जुन्या टायरवर बसून होतो. एकदा उठून विचारलं, की नोटिशीचं काय. साडूंनी मान वर न करता सांगितलं, "मास्तर, त्याच्या खिळ्यात नावीन्य हाय."

गजाला त्यांनी रीतसर परवानगी लिहून दिली. अर्थात मी लिहिली. अट एकच घातली, की भांड्यात काही सुधारलं तर आधी येऊन दाखवायचं. त्या वर्षीच्या रकान्यात मी "होय" भरलं तेव्हा ते अंगणात गेले नाहीत. माझ्या खांद्यावरून वाकून बघत राहिले, आणि शाई वाळेपर्यंत मला कागद घडी करू दिला नाही.

आता त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय आणि ताई त्यांना जीप चालवू देत नाहीत. गेल्या महिन्यात दोघं एस्टीने आमच्याकडे आली. साडू पडवीत बसून राहिले. पिशवी आणली नव्हती, कागद मागितला नाही. मला कोणत्याही कामाला लावलं नाही. इतकी वर्षं मी अशाच दुपारची वाट बघत होतो, आणि आता ती सरता सरेना. अंगणात मुलीने मला घेऊन दिलेली विजेची स्कूटर उभी होती. त्यांनी उठून तिच्याभोवती एक फेरी मारली, वाकून खाली बघितलं आणि विचारलं, "हिची टाकी कुठाय?"

"टाकी नसते तिला."

"नळी?"

"नाही."

त्यांनी सीटवर हात ठेवला. उगाच पुसल्यासारखा फिरवला. "मग आता हिच्यात आपल्याला काय राहिला, मास्तर?" ते म्हणाले. तक्रार नव्हती त्या आवाजात, नुसतंच विचारलं होतं.

मला काय झालं कोण जाणे. खरं तर ती स्कूटर उत्तम चालते, तिच्याविषयी माझी काडीची तक्रार नाही. "चार्जिंगची वायर हो," मी म्हणालो. "रोज पायात येते. परवा पडता पडता वाचलो."

साडूंनी वायरीकडे बघितलं. मग भिंतीतल्या बटणाकडे. मग बराच वेळ वर, पडवीच्या आढ्याकडे. ताईंनी आतून परतीच्या बसची वेळ झाल्याचं सांगितलं. मी आत गेलो, टेबलाच्या खणातून कोरा कागद आणि पेन्सिल काढली, आणि बाहेर येऊन त्यांच्याजवळ ठेवली.