मिनिटरावांचं बेटाचं वेळापत्रक

बसडेपोत गाड्यांची वेळापत्रकं तयार करणाऱ्या या गृहस्थाला सगळे ड्रायव्हर तोंडावरच मिनिटराव म्हणत, आणि त्याला त्याचा राग सोडाच, उलट भूषण वाटे. सहा तेराची गाडी सहा चौदाला सुटली तर याला घास गोड लागत नसे. असा हा पठ्ठ्या अडतिसाव्या वर्षी एकदाचा बोहल्यावर चढायला तयार झाला. मुलगी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची, बोलायला फटकळ आणि मनाने लोण्यासारखी. तिची एकच इच्छा होती: लग्न झालं की लगेच त्या दूरच्या बेटावर जायचं, आणि पाण्यात डोकं घालून रंगीत मासे बघायचे.

"हवामानाचं मी बघतो," मिनिटराव म्हणाला. इथेच सगळं बिनसलं.

पंधरा दिवस तो तक्ते घेऊन बसला. वारा, लाटा, पाऊस, भरती, ओहोटी. लग्नानंतरचे तीन महिने तिथे समुद्र शांत, पाणी काचेसारखं. शेंबड्या पोरानेही तेच महिने धरले असते. याने धरला सहावा महिना, ऐन वादळवाऱ्याचा! का, तर म्हणे गर्दी कमी असते.

"अरे, लोक लग्नाच्या चौथ्या दिवशी जातात," आई म्हणाली. "सहा महिन्यांत तुमची भांडणंसुद्धा शिळी होतील!"

"आई, तुला हवामानातलं कळत नाही."

"हवामानातलं नाही कळत. तुझ्यातलं कळतं."

आईला कळणारच, कारण चौथीत पोहायच्या तासाला तलावाच्या शिडीला मिठी मारून बसलेल्या या वीराची बोटं मास्तरांनी एकेक करून सोडवली होती, आणि घरी आणायला तीच गेली होती. अख्खा वर्ग खिदळत होता. तेव्हापासून हा डोक्यावरून तांब्या ओततानासुद्धा एक डोळा उघडा ठेवायचा. बेटावर विमान जातं, पण वादळाच्या महिन्यात मासे दाखवणाऱ्या होड्या बंद असतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि होणाऱ्या बायकोला हे सगळं सांगायचं? छे! ती हसेल, या एकाच धास्तीपायी एवढा खटाटोप चालला होता.

लग्नाला तीन आठवडे उरले असताना तो सहलीचा तक्ता घेऊन तिच्या दुकानात गेला. संध्याकाळची गिऱ्हाइकं पांगली होती. तिने त्याला डोळे तपासायच्या खुर्चीत बसवलं आणि खणातून एक डबी काढून त्याच्या हातात ठेवली. आत पाण्यात घालायचा चष्मा होता.

"तुझा नंबर घालून करून घेतलाय. नाहीतर तुला मासे कुठले दिसायला? माझ्यामागून नुसता चाचपडत येशील."

मिनिटरावने डबी खटकन मिटली. त्याने घाईघाईने तक्ता पुढे केला.

तिने तो वाचला. वरती महिना, लग्नानंतरचा सहावा. पहिला दिवस, टेकडी. दुसरा, फुलपाखरांची बाग. तिसरा, टेकडी, दुसऱ्या बाजूने. चौथ्या दिवशी चक्क पत्ते. आणि अगदी तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत: 'या काळात समुद्रातील सर्व फेऱ्या बंद.' आता दिवसभर लोकांकडून बारीक अक्षरं वाचून घेणाऱ्या बाईपासून हे लपवायला निघालेल्या माणसाला काय म्हणावं!

पण ती हसली नाही. तिने तक्त्याची घडी घातली.

"मला एक खरं सांग," ती म्हणाली. "महिने पुढे ढकलतोयस, मला हवं ते सगळं बंद असतानाच नेतोयस. तुला माझ्याबरोबर जायचंच नाहीये का? लग्नाचं मन नसेल तर आत्ताच सांग. मी काही रडत बसणार नाही." आणि डोळे तर भरलेच होते.

मिनिटराव हबकला. ती हसेल याची त्याने सगळी तजवीज केली होती. ती रडेल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

"मला पाण्याची भीती वाटते," तो एका दमात म्हणाला. "जाम भीती वाटते. कमरेएवढ्या पाण्यातसुद्धा. चौथीत तलावाची शिडी सोडवेना, मास्तरांनी बोटं सोडवली माझी. तुझ्याबरोबर मला कुठेही यायचंय गं, पण तू हसशील म्हणून..."

 आधी तिचे खांदे हलले, आणि मग ती अशी हसली, अशी हसली, की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. मिनिटराव कानापर्यंत लाल झाला. तीस वर्षं ज्याला घाबरला, तेच समोर घडत होतं.

"हसले," डोळे पुसत ती म्हणाली. "झालं? की अजून हसू?"

"झालं," तो म्हणाला. आणि खरंच झालं होतं.

"मग उद्या सकाळी सातला तलावावर ये. लहान मुलांच्या बाजूला. आणि शिडी नाही धरायची, मला धरायचं."

दुसऱ्या दिवशी मिनिटराव पावणेसातलाच तिथे हजर होता, आणि भीतीने त्याचे दात वाजत होते.